राखीव खुर्ची आणि कठड्याबाहेरची जागा

गेल्या आठवड्यात बेळगावच्या रविवार पेठेत वर्षाच्या चटणीसाठी मिरची निवडत होते. रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी, हे प्रमाण माझ्या सासूबाईंपासून ठरलेले आहे. त्यामुळे विचार करण्यासारखे तिथे काही नव्हते आणि पदर नाकाला लावून मी नुसती देठे तपासत होते. तेवढ्यात आमच्याच गल्लीतल्या एक बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा मुलगा अमेरिकेत असतो आणि येत्या नाताळात तो दोघांना फ्लोरिडाला फिरवणार आहे. "बाई, तुम्ही त्या डिस्नेच्या नाताळाच्या गाण्यांना जाऊन आलाय न्हवं? मुलगा म्हणतोय, जेवणासकट राखीव जागेचं पॅकेज घेऊया. घ्यावं की नको ओ? पैसे वसूल होतात काय?" छत्तीस वर्षे मराठी शाळेत शिकवल्यामुळे सगळी गल्ली मला बाई म्हणते आणि मला सगळे ठाऊक असते असे धरून चालते. मी तोंड उघडले, पण नेमकी शिंक आली, मग दुसरी आली, आणि शिंका ओसरल्यावर मी "सांगते तुम्हाला सावकाश" एवढेच म्हणू शकले. दोष मिरचीचा नव्हता. हो किंवा नाही, यांतले एकही उत्तर माझ्या तोंडून बाहेर पडले नसते.

घरी येऊन मिरच्या गच्चीवर उन्हात घातल्या तरी प्रश्न डोक्यातून जाईना. तसे पाहिले तर प्रश्न सरळ आहे. ऑर्लँडोच्या एपकॉटमध्ये, म्हणजे १९८२ साली उघडलेल्या डिस्नेच्या त्या उद्यानात, नाताळच्या दिवसांत रोज संध्याकाळी 'कँडललाइट प्रोसेशनल' नावाचा कार्यक्रम होतो. एका तळ्याभोवती अकरा देशांची दालने मांडलेली आहेत आणि त्यांतल्या अमेरिकेच्या दालनासमोर, तळ्याच्या काठाला, उघड्यावरचे नाट्यगृह आहे. तिथे मोठा गायकवृंद आणि पन्नास वादकांचा वाद्यवृंद असतो आणि कुणीतरी नामवंत नट किंवा नटी येशूच्या जन्माची कथा वाचून दाखवते. एका संध्याकाळी तीन प्रयोग होतात. उद्यानाचे तिकीट काढलेल्या कुणालाही कार्यक्रम फुकट पाहता येतो, फक्त त्यासाठी रांगेत उभे राहावे लागते. रांग टाळायची असेल तर ठरावीक रेस्टॉरंटांपैकी एकात ठरावीक किमतीचे जेवण घ्यायचे, म्हणजे राखीव भागात बसायला मिळते. उद्यानाचे तिकीट अर्थातच वेगळे. राखीव भाग म्हणजे नेमकी अमुक खुर्ची असेही नाही. त्या भागात जो आधी पोहोचेल तो पुढे बसेल. त्यामुळे पॅकेज घेतलेल्या माणसालाही वेळेआधी जाऊन थांबावेच लागते, फक्त कमी थांबावे लागते.

आमची लेक अटलांटाला असते. तिने हे सगळे आम्ही पोहोचण्याच्या कितीतरी आधी वाचून ठेवले होते आणि पाच जणांचे आरक्षण करण्याच्या ती बेतात होती. पण आमच्या घरात कुठलीही रक्कम यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जात नाही. हे बँकेतून निवृत्त झाले त्याला बारा वर्षे झाली, तरी वापरलेल्या पाकिटाच्या आतल्या कोऱ्या बाजूवर रकाने आखण्याची सवय गेलेली नाही. लेकीच्या स्वयंपाकघरातल्या उंच ओट्याशी बसून त्यांनी एक पाकीट उलगडले आणि दोन रकाने पाडले. एका बाजूला पॅकेजची माणशी किंमत लिहिली. दुसऱ्या बाजूला, आपण त्याच ठिकाणी एरवी जेवायला गेलो असतो तर प्रत्येकाने काय मागवले असते, ते लिहिले. पॅकेजमध्ये आरंभीचा एक पदार्थ, मुख्य पदार्थ, गोड आणि पेय एवढे येते; आमच्यापैकी एवढे कुणीच खात नाही. यांना साखर आहे, म्हणजे गोड बाद. मी एक पदार्थ घेतला तर त्यातला अर्धा नातीच्या ताटात जातो. दोन्ही बेरजांतला फरक त्यांनी खाली काढला, त्याच्याभोवती चौकोन केला आणि म्हणाले, "ही खुर्चीची किंमत. बाकी सगळं जेवण." मग त्या चौकोनाला त्यांनी रांगेतल्या वाचणाऱ्या मिनिटांनी भागले. जावईबापू मागे उभे राहून पाहत होते. त्यांना हसू आवरेना, पण आकडा पाहून त्यांनीही मान हलवली.

पद्धत चुकीची नव्हती. कुणाला ठरवायचे असेल तर मी आजही हेच पाकीट त्याच्या हाती देईन, कारण पॅकेजच्या किमतीकडे एकरकमी पाहिले की डोळे दिपतात किंवा पांढरे होतात, आणि दोन्हीतून काही निष्पन्न होत नाही. माणूस भरपूर खाणारा असेल आणि त्या दिवशी तिथेच जेवणार असेल, तर खुर्ची जवळजवळ फुकटात पडते. आमच्यासारखे दोन घासांचे मानकरी असतील, तर खानावळीत भाकरीवर भाकरी वाढून घेणाऱ्याचा खर्च शेजारी बसलेल्या अर्ध्या भाकरीच्या माणसाने भरावा तसे होते. शिवाय दिवसही पाहावा लागतो. कथा वाचणारी प्रसिद्ध व्यक्ती दर दोन-तीन दिवसांनी बदलते. नाव लोकप्रिय असेल किंवा नाताळ दोन दिवसांवर आला असेल तर रांग तळ्याच्या कडेकडेने लांबत जाते, आणि एरवी महिन्याच्या सुरुवातीच्या एखाद्या मंगळवारी शेवटच्या प्रयोगाला माणूस आरामात आत शिरतो. आम्ही नेमके गर्दीच्या दिवसांत जाणार होतो.

भागाकार संपल्यावर हे म्हणाले, "तुम्ही चौघं घ्या. मी बाहेरून ऐकतो."

लेकीचा चेहरा उतरला. "बाबा, पैशांचा प्रश्नच नाही," ती म्हणाली. त्यावर हे शांतपणे म्हणाले, "प्रश्न पैशांचाच आहे, म्हणून तर तू तसं म्हणतेस." मी मध्ये पडले नाही. खरे सांगायचे तर मला पॅकेज हवे होते. माझा उजवा गुडघा दीड तास उभे राहू देत नाही आणि हे मी मोठ्याने कबूल करत नाही. लेकीने ते न विचारता ओळखले होते. चार जणांचे आरक्षण झाले, आणि पाचव्या माणसाचे काय, हा विषय कुणी पुन्हा काढला नाही.

आम्हा बेळगावकरांना बसायच्या जागेवरून असा हट्ट करायची सवय असावी. किर्लोस्कर नाटक मंडळी १८८० साली उभी करणारे अण्णासाहेब आमच्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, तेव्हा रात्र जागवून काही पाहण्याचे वेड आमच्याकडे जुने आहे. माझ्या लहानपणी शहापुरात नाटकाचा तंबू पडे. एखाद्या वर्षी मराठी कंपनी येई, एखाद्या वर्षी कन्नड, आणि आम्हाला दोन्ही सारख्याच गोड लागत. पुढे वेताच्या खुर्च्या, मागे बाक आणि त्याही मागे जमीन. वडील हातमागावर काम करत. ते नेहमी जमिनीचे तिकीट काढत आणि घरून सतरंजी नेत. पण माझ्या आठवणीतली खरी रात्र शिवजयंतीच्या चित्ररथांची आहे. आमच्याकडे शिवजयंती वैशाखात होते आणि मिरवणूक संध्याकाळी नरगुंदकर भावे चौकातून निघते ती उजाडेपर्यंत चालते, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. वडील आम्हाला आठ वाजताच खडेबाजारात नेत. बंद झालेल्या एखाद्या दुकानाच्या पायरीवर तांदळाचे रिकामे पोते अंथरायचे, त्यावर आम्ही तिघी बहिणी, आणि कागदाच्या पुडीत भाजलेल्या शेंगा. पहिला चित्ररथ कधी दहाला येई, कधी बाराला. मधल्या वेळात शेजारच्या पायरीवरच्या बायकांशी आईची ओळख होई, त्यांच्या डब्यातली कोशिंबीर आमच्या हातावर येई, कुणाचे तरी मूल कुणाच्या तरी मांडीवर झोपे. लांबून जनरेटरचा आवाज आला की सगळी पायरी एकदम उठून उभी राही. ट्रॉलीवर तलवार उपसून निश्चल उभा असलेला मावळा ओळखीचा निघे. आमच्या कोपऱ्यावर चहा विकणारा तो, मिशा चिकटवून, पापणी न लववता. वर माडीवरच्या गॅलऱ्यांत पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडलेल्या असत. मी मान वर करून तिकडे पाही आणि त्या लोकांना सगळे किती नीट दिसत असेल, याचा मला हेवा वाटे. वडिलांना कधी वाटला नसावा. निदान त्यांनी तो दाखवला नाही.

एपकॉटला आमचे जेवण दुपारी तीनला लागले. लवकरच्या प्रयोगाची जागा हवी तर लवकरची पंगत, असा तो हिशेब असतो. आणि दुपारी तीनला भूक लागण्याइतके आमचे पोट कुठे शिकलेले आहे? जेवण वाईट नव्हते. घडीच्या रुमालांत गुंडाळलेले काटे-चमचे होते, ताटलीच्या काठावर सॉसची नक्षी होती, आणि नातीने गोडाचे तीन घास खाऊन उरलेले माझ्याकडे सरकवले. पाणी आणून देणारी मुलगी गप्पिष्ट होती. त्या गायकवृंदात बाहेरगावच्या शाळांची मुले असतात तशी उद्यानात काम करणारी माणसेही असतात, हे तिच्याकडून कळले. दिवसा कुणी तिकिटे तपासते, कुणी हिशेब लिहिते, आणि नाताळात हौसेने झगा चढवून गायला उभे राहते. तिची मैत्रीण त्या संध्याकाळी तिसऱ्या रांगेत उभी राहणार होती. "डावीकडून सहावी, चष्मा," असे तिने बोटाने दाखवत सांगितले. मला आमचा चहावाला आठवला. तिला ते सांगावे असे फार वाटले, पण माझे इंग्रजी तेवढे धावत नाही, आणि मावळा म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागली असती.

त्या वेळी हे तळ्याकाठच्या एका बाकावर बसले होते. उद्यानात घरचे खाणे नेता येते, हे त्यांनी आधीच विचारून घेतले होते. सकाळी लेकीने नाखुशीने बांधून दिलेल्या दोन चपात्या, शेंगाचटणी आणि एक केळे, असे त्यांचे पॅकेज होते. आम्ही बाहेर आलो तेव्हा ते डबा पुसून पिशवीत ठेवत होते आणि शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या गोऱ्या गृहस्थाला चटणीत काय काय असते ते बोटांवर मोजून सांगत होते. चेहरा प्रसन्न होता. मला तो प्रसन्नपणा थोडा झोंबला, हे आता लिहायला हरकत नाही. आपण पांढऱ्या मेजावर बसून अवघडल्यासारखे चार घास खावे आणि ज्याला सोडून आलो त्याने बाकावर मैफल जमवावी, यात कुणाला कुणाची कीव करायची तेच कळेना.

आत आम्हाला मध्याच्या जरा डावीकडे जागा मिळाली. थंडी बेळगावच्या डिसेंबरएवढीच, शाल पुरेल अशी. तुताऱ्या वाजल्या आणि हातांत दिवे घेतलेले गायक दोन रांगांनी चालत आले. ही प्रथा मूळची कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडची, १९५८ सालची; फ्लोरिडात ती १९७१ पासून आहे आणि एपकॉटमध्ये १९९४ पासून. मंचाच्या पायऱ्या भरत गेल्या तशी मी तिसऱ्या रांगेत डावीकडून सहावी शोधली. चष्मा होता. मग कथा सुरू झाली. नाताळाचा गोठा मी लहानपणी कॅम्पातल्या चर्चमध्ये पाहिला होता, पण कथा अशी सावकाश, गाण्यांच्या मधून, पहिल्यांदाच ऐकत होते. दिवस भरलेली बायको घेऊन तो सुतार बेथलेहेमला येतो आणि सराईत त्यांना जागा मिळत नाही. ते वाक्य वाचले गेले आणि मी राखीव भागात, पर्समध्ये राखीव जागेचा पास बाळगून, एकटीच हसले. "काय झालं, आई?" लेकीने हळूच विचारले. मी मान हलवली. तिला त्या क्षणी ते सांगणे म्हणजे तिने प्रेमाने खर्चलेल्या पैशांवर ओरखडा काढणे झाले असते.

शेवटाकडे हॅंडेल या संगीतकाराने १७४१ साली रचलेले ते 'हालेलुया' समूहगान सुरू झाले. पहिल्या काही सुरांतच पुढची रांग उठली, मग त्यामागची, आणि पाहता पाहता सगळे प्रेक्षागृह उभे राहिले.

म्हणजे ज्या जागेसाठी दुपारी तीनला जेवलो, ती जागा कार्यक्रमाच्या सगळ्यांत मोठ्या घटकेला मोकळीच राहिली. समोर लोकांच्या पाठी होत्या. जावईबापूंनी नातीला खांद्यावर घेतले. मी गुडघ्यावर हात ठेवून उठले, आणि खरे तर त्या एका गोष्टीसाठी पॅकेजचे आभार मानायला हवेत, कारण दीड तास रांगेत उभे राहिल्यावर मी त्या वेळी उठू शकलेच नसते. अंगावर काटा आला होता. पन्नास वाद्ये आणि एवढे गळे एकत्र चढतात तेव्हा आवाज कानाने ऐकू येत नाही, तो छातीत भरतो. मी मागे वळून पाहिले. शेवटच्या रांगेमागे कठडा होता आणि त्याच्या पलीकडे येणारे-जाणारे थबकून उभे होते. यांनी कानटोपी घातली होती, तेव्हा सापडायला अवघड जाऊ नये असे वाटले, पण अंधारात सगळी डोकी सारखी होती. मी दोनदा तीन-तीन डोकी मागे-पुढे तपासली. मग टाळ्या सुरू झाल्या आणि मी पुढे वळले.

रात्री गाडीत त्यांनी मला कार्यक्रमाचा तपशीलवार वृत्तान्त सांगितला. त्यांच्या शेजारी पाळणागाडी घेऊन उभी असलेली एक बाई सगळी गाणी तोंडपाठ म्हणत होती, म्हणे. आणि कठड्यावर कोपर टेकायला मिळाल्यामुळे पाय अजिबात दुखले नाहीत. "तुला दिसलं का नीट?" त्यांनी विचारले. मी हो म्हणाले. मी त्यांना शोधले होते, हे सांगितले नाही. त्यांनी मला शोधले होते की नाही, ते विचारलेही नाही. मुंबईला विमानतळावर उतरेपर्यंत दोघांचेही अंगठ्याएवढे गुपित ज्याच्या-त्याच्या मुठीत राहिले.

असा सगळा जमाखर्च असताना मिरचीच्या दुकानात हो की नाही कसे सांगायचे? माझा एक भाचा म्हैसूरच्या दसऱ्याला गोल्ड कार्ड, म्हणजे राखीव जागेचा पास, काढून गेला होता. राजवाड्याच्या आवारात बसून त्याला अंबारी स्वच्छ दिसली आणि तरी तो परत येऊन म्हणाला की, मिरवणूक जिथे संपते त्या बन्नीमंटपाच्या वाटेवर झाडांवर चढून बसलेल्या पोरांचे फोटो आपल्याला काढता आले नाहीत. मी त्याला तेव्हा वेडा म्हटले होते.

शेवटी परवा मी त्या बाईंच्या घरी गेले. पाकिटाची पद्धत समजावली, जेवणाची वेळ आधी विचारून घ्या म्हटले, आरक्षण ऐन वेळी रद्द केले तर पैसे कापतात तेही सांगितले. मग विचारले, "यजमानांच्या गुडघ्यांचं कसं आहे?" त्या म्हणाल्या, "गुडघे उत्तम आहेत की ओ. पण एवढ्या पैशात काय काय येतं म्हणून दिवसभर डोकं खातील." "मग दोघांचं घ्या," मी म्हणाले, "आणि त्यांना किंमत सांगू नका." त्या खूप हसल्या. उत्तर बरोबर दिले की चुकीचे, ते मला अजून ठरवता आलेले नाही; यांना किंमत न सांगता नेले असते तर हे आले असते, पण मग तो चटणीवाला बाक झाला नसता.

काल चित्ररथ होते. रामलिंगखिंड गल्लीत माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे माहेर आहे, तिने फोन करून सांगितले, "बाई, या वर्षी वर गॅलरीत बसायचं. खुर्ची ठेवलीय तुमच्यासाठी." मी यांच्याकडे पाहिले. ते नेहमीचे पोते झटकून घडी करत होते. "तू जा वर," ते म्हणाले, "मी खालीच बसतो, पायरीवर." मी गेले. खुर्चीवर उशी होती, कोकम सरबताचा पेला आला, आणि लहानपणी हेवा वाटला होता तेवढेच, म्हणजे सगळे नीट दिसत होते. पावणेबाराच्या सुमारास पहिला जनरेटर ऐकू आला आणि खालची पायरी एकदम उठून उभी राहिली. मी कठड्यावरून वाकले. या वेळी दिव्यांचा उजेड चांगला होता. ते समोरच्या कापडाच्या दुकानाच्या तिसऱ्या पायरीवर होते, हातात शेंगांची पुडी घेऊन, मान वर करून गॅलरीतली एकेक खुर्ची पाहत. त्यांच्या शेजारी पोत्याच्या उरलेल्या अर्ध्या भागावर त्यांनी आपली पिशवी आडवी ठेवून जागा धरलेली होती.